मॅडमच्या मापाचे कपडे

माझी मावसबहीण, म्हणजे आमची ताई, कधी चुकत नाही. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, तिचंच म्हणणं आहे. ड्रेस घट्ट झाला तर गिऱ्हाईक जाड झालेलं असतं. रंग उतरला तर पाणी वाईट असतं. ठरल्या दिवशी कपडा तयार नसेल तर गिऱ्हाईक लवकर आलेलं असतं. अशा माणसाने धंदा करू नये, हे कुणीतरी तिला वेळेवर सांगायला हवं होतं. पण सांगणार कोण? धाकटा भाऊ तिचा भागीदार होता आणि तो तिच्याहून वरचढ. तिला वाटायचं, आपण चुकत नाही. त्याला वाटायचं, आपण चुकलो तरी लोकांना ते आवडतं.

त्याला आम्ही घरात ‘संचालक’ म्हणायचो, कारण एकही कपडा शिवून व्हायच्या आधी त्याने व्हिजिटिंग कार्डं छापून आणली होती आणि स्वतःच्या नावाखाली तसं लिहून घेतलं होतं. ताईच्या नावाखाली काय लिहावं हे सुचेना, म्हणून त्याने तिचं नावच गाळलं होतं. यावरून पहिलं भांडण झालं. दुकान त्यानंतर झालं.

तसं दोघांचंही बरं चाललं होतं. ताई गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात बेतण्याच्या टेबलावर होती. डॉक्टरांचे कोट, रखवालदारांचे शर्ट, वेटरांची जाकिटं. दिवसभर एकाच छापाचे कपडे कापायचे आणि मनातल्या मनात भलतेच शिवायचे, असा तिचा दिनक्रम. तिच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारांना आतून मासिकांतले ड्रेस चिकटवलेले असत. मीठ काढायला जावं तर समोर पिसांचा झगा. संचालक पडद्यांच्या दुकानात विक्रेता होता. एका खिडकीच्या घरात राहणाऱ्या माणसाला तो तीन खिडक्यांचे पडदे विकायचा, आणि उरलेल्या दोन खिडक्या पुढेमागे होतीलच, असा धीरही द्यायचा.

दोघांनी एकाच महिन्यात नोकऱ्या सोडल्या. तेव्हा मावशी, म्हणजे त्यांची आई, एवढंच म्हणाली, “दोघंही एकदम सोडू नका रे. एकाने तरी शहाणं राहा.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शहाणं राहण्याचा मान प्रत्येकाने मोठ्या मनाने दुसऱ्याला देऊ केला. कुणीच घेतला नाही.

दुकान मिळालं ते लॉन्ड्री आणि ड्रायव्हिंग स्कूल यांच्या मधलं. पुढे काचेची खिडकी, मागे शिवणाची खोली, आणि मधे एक पडदा, जो अर्थातच संचालकाने जुन्या ओळखीवर आणला होता. दुकानाचं नाव परदेशी होतं. त्याला काहीही अर्थ नव्हता आणि हेच त्याचं मोठेपण आहे, असं संचालक म्हणे. पाटीवरची अक्षरं इतकी बारीक आणि नाजूक होती की पहिल्या आठवड्यात जी माणसं आत आली, ती चष्मा करून मिळेल का विचारायला आली.

“लोकांना उत्सुकता आहे,” संचालक म्हणाला.

“लोकांना चष्म्याची गरज आहे,” मी म्हटलं. त्यानंतर मला दुकानाच्या बैठकांना बोलावणं बंद झालं. अर्थात मी जायचं थांबवलं नाही. माझं ऑफिस तिथून जवळ होतं आणि फुकटची करमणूक कुणाला नको असते?

आता मॅडमबद्दल सांगायला हवं. मॅडम म्हणजे कपडे घालून खिडकीत उभा करतात तो पुतळा. एक बडं दुकान बंद पडत होतं, तिथून संचालकाने तो उचलून आणला होता. ते दुकान का बंद पडलं, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. मॅडमची मान ताठ, हनुवटी वर, खांदे मागे, आणि कंबर अशी की दोन्ही हातांच्या पंजात मावावी. कंबरेखाली पाय नव्हते, एक लोखंडी दांडा होता. म्हणजे तिला बसायचं नव्हतं, वाकायचं नव्हतं, जेवायचं तर मुळीच नव्हतं. ताई तिच्यावर बेहद्द खूश होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिला असं गिऱ्हाईक भेटलं होतं, की जे एक अक्षर उलट बोलत नाही.

पहिले सगळे ड्रेस मॅडमच्या अंगावर बेतले गेले. मापं मोठी-लहान करायची तर तीही मॅडमचीच. एक मॅडम थोडी फुगवलेली, एक थोडी आक्रसलेली. पण ड्रेस सुंदर होते, हे मला कबूल करावंच लागेल. खांद्यावर ताईने हाताने घातलेल्या बारीक चुण्या होत्या, पंख्यासारख्या उलगडत जाणाऱ्या. एकेका खांद्यासाठी ती तासन् तास मान मोडून बसायची. पाठीवर मानेपासून कंबरेखालपर्यंत गेलेली चेन, आतून अशी लपवलेली की शिवणच दिसू नये. मॅडमला घालून ड्रेस खिडकीत ठेवला की रस्त्यावरची माणसं थबकायची. मग पुढे जायची.

उद्घाटनाला सगळे नातेवाईक होते. मला एका हिरव्या ड्रेसमध्ये भरण्यात आलं. ‘घातला’ हा शब्द मी मुद्दामच वापरत नाही. ताईने मागून चेन ओढली, संचालकाने मला श्वास सोडायला सांगितलं आणि तो परत घ्यायची वेळ काही समारंभभर आली नाही. सगळे बसले होते, मी उभी होते. एक काका कौतुकाने म्हणाले, “किती उत्साह आहे पोरीला, एक मिनिट बसली नाही!”

“तुला शोभतोय,” ताई म्हणाली.

“हात वर जात नाहीत, ताई.”

“हात कशाला वर करायचेत तुला? सलामी द्यायचीये?”

नातेवाईकांनी भिडेखातर ड्रेस घेतले, ओळखीच्यांनी नातेवाईकांना पाहून घेतले, आणि दोन महिने दुकान चाललं. मग थांबलं. एकदा घेऊन गेलेली बाई परत येत नव्हती. संचालकाचं म्हणणं, माल टिकाऊ असल्यामुळे दुसरा घ्यायची गरज पडत नाही. ताईचं म्हणणं, लोकांना कळत नाही. कारणं दोन असली तरी दोघं एका गोष्टीवर ठाम होते, की कारण दुकानाच्या बाहेर आहे.

अशात संचालकाने मोठी ऑर्डर आणली. शहरात नवं नाट्यगृह उघडणार होतं. प्रेक्षकांना खुर्च्यांपर्यंत नेऊन बसवणाऱ्या मुलींसाठी त्यांना ड्रेस हवे होते. संचालकाने नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला असं काही हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की तो बिचारा नमुना बघायलाही खाली उतरला नाही. ताईने मुलींची मापं घेतली नाहीत. घ्यायची गरजच काय, मॅडम होती ना! गडद जांभळं कापड, खांद्यावर चुण्या, पाठीवर चेन. ड्रेस वेळेवर गेले. ताईच्या कारकिर्दीत हे प्रथमच घडत होतं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पहिल्या प्रयोगाला आम्ही तिघं गेलो. संचालकाने पुढच्या रांगेतल्या जागा मिळवल्या होत्या. दारात मुली ओळीने उभ्या होत्या आणि खरंच देखण्या दिसत होत्या. ताईचे डोळे भरून आले. मग दिवे मंद झाले, उशिरा आलेले प्रेक्षक आत शिरले आणि मुली त्यांना टॉर्चच्या उजेडात खुर्च्यांचे क्रमांक दाखवू लागल्या. क्रमांक खुर्च्यांच्या पाठीवर खाली, गुडघ्याच्या उंचीवर होते. त्यासाठी वाकावं लागत होतं.

पहिला आवाज मागून डावीकडून आला. टर्र. लोकांना वाटलं, नाटक सुरू झालं. दुसरा उजवीकडून, जरा लांबलेला. मग बाल्कनीतून. अंधारात कुणीतरी हसलं. एक मुलगी भिंतीला पाठ लावून उभी राहिली ती पडदा पडेपर्यंत हललीच नाही; दुसरी खेकड्यासारखी तिरकी चालत बाहेर गेली. मध्यंतरापर्यंत बाकीच्या सगळ्या मुली बाहेरच्या भिंतीला पाठ टेकून रांगेत उभ्या होत्या आणि प्रेक्षक आपापल्या खुर्च्या आपणच शोधत होते.

मी ताईकडे पाहिलं. तिची नजर रंगमंचावर होती. “कापडच हलकं दिलं त्या कापडवाल्याने,” ती ओठ न हलवता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापकाने सगळे ड्रेस पिशव्यांत कोंबून दुकानात परत पाठवले. सोबत काही निरोप नव्हता, पण पिशव्या कचऱ्याच्या होत्या. मागच्या खोलीत भावंडांची गाठ पडली. मी पडद्याच्या अलीकडे, पुढच्या दुकानात होते. मला ऐकू येऊ नये म्हणून दोघांनी पडदा ओढून घेतला आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल इतक्या आवाजात भांडले.

“मुली नीट वाकल्या नाहीत,” ताई म्हणाली.

“वाकायची नीट पद्धत कुठली ते सांग. कार्डावर छापून देतो.”

“कार्डं छापण्यापलीकडे येतं काय तुला? बोलून बोलून ऑर्डर आणलीस, एकदा तरी बघितलंस त्या मुलींना काम काय करायचंय?”

“आणि तू? माणसं सोडून पुतळ्याचं माप घेतेस! तो एक तुझ्याशी भांडत नाही ना, म्हणून!”

“पडदेवाला!” ताई ओरडली.

“गणवेशवाली!” तो ओरडला.

यापेक्षा मोठी शिवी दोघांनाही माहीत नव्हती. संचालक पडदा बाजूला करून बाहेर आला. माझ्यापुढे क्षणभर थांबला, खिशातून उरलेली कार्डं काढून काउंटरवर ठेवली आणि निघून गेला. महिन्याभरात तो एका गाद्यांच्या दुकानात लागला. मावशीने दोघांना वेगवेगळं समजावून पाहिलं आणि दोघांकडून दुसऱ्याचे दोष ऐकून, हात टेकून परत आली.

ताईने दुकान बंद केलं नाही. हट्टाने म्हणा, नाहीतर दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून म्हणा. ती दुरुस्तीची कामं घेऊ लागली. पँटची उंची कमी करणं, उसवलेलं शिवणं, चेन बदलणं. तिच्या मते हा अधःपात होता. मॅडमला तिने खिडकीतून उचलून मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. पराभव मॅडमने पाहू नये, अशी काळजी असावी.

एक दिवस एक शिक्षिका आल्या. निवृत्त, पांढऱ्या केसांच्या, आवाज मात्र अजून मागच्या बाकापर्यंत पोचणारा. त्यांनी पिशवीतून एक ड्रेस काढून काउंटरवर ठेवला. ताईचाच होता, निळा. भाचीने त्यांना भेट दिला होता. समोर बसलेल्या बाईनेच तो शिवलाय, हे त्यांना माहीत नव्हतं.

“ही चेन पाठीवरून काढून पुढे लावून मिळेल का?” त्यांनी विचारलं.

“पुढे लावली तर सगळी ठेवण बिघडेल,” ताई म्हणाली.

“बिघडू दे. मी एकटी राहते. एकदा घातला आणि काढताच येईना. हात पोचत नाही. शेजारीण गावाला गेलेली. ती येईपर्यंत ह्यातच राहिले. ह्यातच झोपले. ज्याने कुणी हे बेतलंय त्याला हात आहेत की नाहीत, कोण जाणे!”

ताईने ड्रेस त्यांच्याकडे परत सरकवला. “आम्ही असलं काम करत नाही.”

शिक्षिकांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराकडे बघावं तसं, आणि ड्रेस घेऊन निघून गेल्या. मी तिथेच होते. ताई स्वतःचा हात पाठीमागे नेऊन मानेखाली पोचतोय का ते बघू लागली. मी पाहतेय हे लक्षात आल्यावर मान अवघडल्यासारखं केलं.

पुढचे काही दिवस ती आपणच शिवलेले ड्रेस घालून दुकानात वावरत होती. खुर्चीवर बसून बघ, फळीवरची रिळं काढून बघ, खाली पडलेली कात्री उचलून बघ. कात्री उचलताना एक शिवण गेलीच. मी काही म्हटलं नाही. माझ्या आयुष्यात हा प्रसंग फार क्वचित येतो.

मग तिने जुन्या गिऱ्हाइकांना फोन करायला सुरुवात केली. विचार चांगला होता. आवाज मात्र ताईचा होता. “तुम्ही आमचा ड्रेस घालत का नाही?” हा प्रश्न ती अशा सुरात विचारायची की समोरच्या बाईला आपण पोलीस ठाण्यात आहोत असं वाटावं. काहींनी “छान आहे हो, घालते की,” म्हणून फोन ठेवला. औषधांच्या दुकानातल्या बाईंनी खरं कारण सांगायला सुरुवात केली, तर ताईने मधेच तोडून त्यांचंच कसं चुकलं हे पटवायला घेतलं. त्यांनीही फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, “चल, गादी बघायला जायचंय.”

“तुझी गादी तर चांगली आहे.”

“चल म्हटलं ना.”

गाद्यांच्या दुकानात संचालक एका जोडप्याला स्प्रिंगचं महत्त्व समजावून सांगत होता. आम्हाला पाहून त्याचं वाक्य अर्ध्यावर अडकलं. ताई सरळ चालत गेली आणि दर्शनी भागातल्या सर्वांत महागड्या गादीवर चपला काढून आडवी झाली. नजर छताकडे. संचालकाला यावंच लागलं, कारण मालक गल्ल्यावरून पाहत होता.

“या गादीत चार थर आहेत, मॅडम,” तो म्हणाला. बहिणीला ‘मॅडम’ म्हणताना त्याचा आवाज जरा विचित्र निघाला. “पाठीला आधार मिळतो.”

“मला बायकांकडे जायचंय,” ताई छताला म्हणाली. “आपला ड्रेस का घालत नाहीत ते विचारायला. मी विचारलं की फोन ठेवतात.”

“ठेवणारच. वरचा थर कापसाचा आहे.”

“तुझ्याशी बोलतात लोक.”

“माफी मागायला आली असशील तर ऐकतो.”

“नाही आले.”

“मग कशाला आलीस?”

ताई कुशीवर वळली. पाठ त्याच्याकडे, तोंड भिंतीकडे. “हात पोचत नाही रे मागे,” ती हळूच म्हणाली. “त्या चेनला. माझाही पोचत नाही.”

ताईच्या भाषेतून भाषांतर करायचं तर ही माफीच होती, आणि तीही गुडघे टेकून मागितलेली. संचालक गादीच्या कडेवर टेकला. मालकाने घसा खाकरला. “मीही त्या मुलींना कधी विचारलं नाही,” संचालक म्हणाला. “काम काय करता म्हणून. त्या व्यवस्थापकाला कापडाची चमक दाखवण्यात दंग होतो.” मग उठला आणि मोठ्याने म्हणाला, “मॅडम विचार करून कळवतील.”

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी दोघं घरोघर फिरू लागले. अट एकच होती, आणि ती संचालकाने घातली होती: ताईने तोंड उघडायचं नाही. तो प्रश्न विचारणार, ती ऐकणार. संचालकालाही बोलणं थांबवून ऐकावं लागणार होतं, म्हणजे दोघांनाही शिक्षा सारखीच. मी सोबत गेले, कारण असा योग परत येणार नव्हता.

औषधांच्या दुकानातल्या बाईंनी बाह्यांचं सांगितलं. त्यांच्या सगळ्या गोळ्या वरच्या फळ्यांवर. हात वर केला की सगळा ड्रेस वर, हात खाली केला तरी ड्रेस वरच. “आणि खिसा नाही,” त्या म्हणाल्या. “किल्ल्या कुठे ठेवू? पेन कुठे ठेवू?” ताईचं तोंड उघडलं. संचालकाने तिच्या पायावर पाय दिला. तोंड मिटलं.

एका घरी बाईंनी मोठ्या आपुलकीने कोचावर बसवलं, पाणी दिलं. संचालकाने विचारलं, “तुम्ही आमच्याकडून लाल ड्रेस नेला होता, तो...”

“अहो, काय कापड आहे! इतकं टिकाऊ. तुम्ही टेकलाय ना, तेच.”

आम्ही तिघांनी पाठीमागच्या उशा पुढे घेतल्या. लाल होत्या. ताईच्या मांडीवरच्या उशीला मधोमध त्या पंख्यासारख्या चुण्या आल्या होत्या. बाईंनी मुद्दाम तो भाग दर्शनी ठेवला होता, नक्षी छान दिसते म्हणून. ताईने चुण्यांवरून एकदा बोट फिरवलं. मला वाटलं, आता स्फोट होणार. पण ती म्हणाली, “घालून बसता येत नव्हतं का?”

“अजिबात नाही हो,” बाई म्हणाल्या. “आता त्याला टेकून बसता तरी येतं.”

रस्त्यावर आल्यावर संचालक हसू दाबायचा प्रयत्न करत होता. ताई पुढे चालत होती. कोपऱ्यावर ती थांबली आणि मला वाटलं रडतेय. रडतच होती, पण थोडंसं हसतही होती, आणि दोन्ही एकदम जमत नसल्यामुळे तिला उचकी लागली.

शेवटी, भाचीकडून पत्ता घेऊन, त्या शिक्षिकांचं घर. त्यांनी दार उघडलं, ताईला पाहिलं आणि म्हणाल्या, “म्हणजे तुम्हीच होय!” ताईने मान हलवली. इथे संचालकाची अट पुन्हा मोडली. ती म्हणाली, “तो ड्रेस द्या. पुढे चेन लावून आणते.” शिक्षिकांनी दिला. पण आत बोलावून, खुर्ची ओढून, एवढ्यावरच न थांबता शिवणकामातल्या आणखी सात-आठ चुका दाखवूनच दिला. ताई सगळ्या ऐकत बसली. तिच्या मानेची शीर फुगलेली मला दिसत होती.

मग जो ड्रेस तयार झाला तो ताईच्या मते ड्रेस नव्हताच. “हा अंगात घालायचा डबा आहे,” ती म्हणाली. पुढून उघडणारा, काखेतला मुंढा सैल, हात वर करता येईल अशी बाही, दोन खिसे. कापड साधं. संचालकाने त्याला एखादं परदेशी नाव द्यायचा विचार केला, पण ताईने कात्री हातात धरून त्याच्याकडे पाहिलं. खांद्यावर तिने चुण्या घातल्याच, अगदी मोजक्या. “एवढं तरी माझं राहू दे,” म्हणाली.

डबा खपला. धडाधड नाही, पण नेणारी बाई दुसऱ्या रंगासाठी परत यायची, आणि येताना बहिणीला घेऊन यायची. मग औषधांच्या दुकानातल्या बाई एक दिवस ड्रेस घालूनच आल्या. उजवा खिसा गुडघ्यापर्यंत लोंबत होता. त्यात किल्ल्या, फोन, पेनं, गोळ्यांची पाकिटं आणि एक सफरचंद होतं. ताई म्हणाली, “खिशात सफरचंद कोण ठेवतं?” बाई म्हणाल्या, “मी.” ताई आणखी काहीतरी बोलणार होती. थांबली. मागच्या खोलीत गेली आणि खिशाच्या आतून खांद्याच्या शिवणीपर्यंत जाणारी पट्टी कशी बसवता येईल ते बघू लागली. म्हणजे ती भांडली, पण थोडंच. याला आमच्या घरात प्रगती म्हणतात.

संचालकाने गाद्यांचं दुकान सोडलं आणि परत आला. त्याच्यात सुधारणा कितपत झाली हे सांगणं कठीण आहे. गेल्या वर्षी व्यापारी मंडळाने त्याला ‘अपयशातून उभारी’ या विषयावर बोलायला बोलावलं. त्याने नवा कोट शिवून घेतला. ताईने शिवला, त्याचं माप घेऊन. सभागृहात तो असा काही बोलला की आम्हालाच आमची गोष्ट ओळखू येईना. त्याच्या सांगण्याप्रमाणे नाट्यगृहातला प्रसंग म्हणजे बाजारपेठेचा अभ्यास होता आणि गाद्यांच्या दुकानात तो ग्राहकांच्या सवयी तपासायला गेला होता. लोक टाळ्या वाजवत होते. मग कुणीतरी ताईलाही दोन शब्द बोलायला उभं केलं आणि एका मुलीने विचारलं, “तुमचं सगळ्यात मोठं अपयश कोणतं?”

ताईने जराही विचार न करता भावाकडे बोट दाखवलं. सभागृह हसलं. मग ती म्हणाली, “हा निघून गेला होता. मी त्याला थांब म्हटलं नाही. कपडे फाटले ते शिवता येतात.” आणि खाली बसली. संचालक व्यासपीठावर उगाच पाण्याचा ग्लास सरळ करत राहिला. उरलेलं भाषण त्याने फार लवकर आटोपलं, आणि माझ्या मते तेच सर्वांत चांगलं झालं.

एवढ्यावर त्यांनी सुखाने राहावं की नाही? पण आता दोघांनी पुरुषांचे शर्ट शिवायला घेतलेत आणि ते साफ पडलेत. बायका निदान काय खुपतं ते सांगतात. पुरुषाला विचारा, तो “छान आहे” म्हणतो, शर्ट घरी नेतो आणि कपाटात ठेवून देतो. दोघं हैराण झालेत. मागच्या रविवारी त्यांनी चाचणीसाठी माझ्या नवऱ्याला उचलून नेलं. मी गेले तेव्हा तो मागच्या खोलीत स्टुलावर बसला होता, दोन्ही हात वर, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

“कसा वाटतोय?” ताईने विचारलं.

“छान आहे.”

“काखेत?”

“छान.”

“पाठीत?”

“छान आहे हो, ताई.”

ताईने कपाळाला हात लावला. मग संचालक त्याच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला आणि काहीच बोलला नाही. हे त्याला जमतं हे मला माहीत नव्हतं. बराच वेळ गेला. नवऱ्याने हात खाली घेतले, इकडे तिकडे पाहिलं, आणि अगदी दबक्या आवाजात, जणू काही गुन्हा कबूल करतोय अशा सुरात म्हणाला, “गळ्याशी... जरासं...”

“कुठे?” दोघं एकदम म्हणाले, आणि त्याच्या गळ्यावर वाकले.